ऑनलाइन धडे बघून गिटार: व्हिडिओ सांगत नाही त्या गोष्टी

खर्जातला

"गिटार शिकायचीय, कुठला चॅनल बघू?" असे धागे वरचेवर निघतात आणि खाली दुव्यांचा पाऊस पडतो. दुव्यांची टंचाई कधीच नव्हती. अडतं ते दुसरीकडे. समोर बसलेला शिक्षक दर दोन मिनिटांनी तुमचा अंगठा सरकवतो, मुकी राहिलेली तार पकडतो, लय पळाली की हात धरून थांबवतो. व्हिडिओतला शिक्षक कितीही जाणता असला तरी त्याला तुमचं वाजवणं ऐकू येत नाही. ते तपासण्याचं काम शिकणाऱ्यालाच करावं लागतं. ते कसं करायचं हे एका जागी जमवण्यासाठी हा धागा. जाणकारांनी भर घालावी. सगळं सहा तारांच्या अकूस्टिक गिटारबद्दल आहे. तारांचे क्रमांक: सर्वांत बारीक ती पहिली, सर्वांत जाड ती सहावी. फ्रेट म्हणजे नेकवरच्या (गिटारच्या मानेवरच्या) धातूच्या आडव्या पट्ट्या आणि त्यांच्यामधली घरं.

सुरुवातीला एकच क्रमवार अभ्यासक्रम धरा आणि सुटे 'गाणं शिका' व्हिडिओ बाजूला ठेवा. सुट्या व्हिडिओत पहिल्याच गाण्यात एफ किंवा बी मायनर (तर्जनी आडवी दाबायच्या अवघड कॉर्ड) येते आणि माणूस तिथेच अडकतो. जस्टिन सँडरको या ऑस्ट्रेलियन शिक्षकाचं जस्टिन गिटार हे संकेतस्थळ २००३पासून चालू आहे, नवशिक्यांचा अभ्यासक्रम फुकट आहे. तो ए आणि डी या दोन कॉर्डपासून सुरू होतो. बरेच जण ए कॉर्डमध्ये तर्जनी, मधलं बोट, अनामिका अशी चौथ्या तारेपासून खाली ओळीने लावतात. जस्टिन तर्जनी तिसऱ्या तारेवर, मधलं बोट चौथ्या तारेवर आणि अनामिका दुसऱ्या तारेवर ठेवायला सांगतो. तर्जनी दोन बोटांच्या मध्ये थोडी मागे राहते. नवख्याला हे विचित्र वाटतं, पण डी कॉर्डमध्येही तर्जनी तिसऱ्या तारेच्या दुसऱ्याच फ्रेटवर असते. म्हणजे ए वरून डी वर जाताना ते बोट उचलावंच लागत नाही. असा विचार करून लावलेला क्रम सुट्या व्हिडिओंतून मिळत नाही.

दुसरं, कॉर्ड बदलणं मोजा. जस्टिनचाच 'एका मिनिटात किती बदल' हा व्यायाम सगळ्यांनी करावा. टायमर ६० सेकंदांचा, कॉर्ड दोनच, प्रत्येक बदलानंतर एकच झंकार, आणि आकडा वहीत. ३० हा पहिला टप्पा, ६० हा दुसरा. यामागचा हिशेब सोपा आहे. चार मात्रांचं आवर्तन, लय मिनिटाला १०० आणि दर आवर्तनाला एक कॉर्ड, तर मिनिटात २५ बदल होतात. ३० जमत असतील तर ते गाणं जेमतेम निभावतं. कॉर्ड दर दोन मात्रांना बदलत असेल तर ५० बदल लागतात, म्हणून ६०. वहीतला आकडा आठवडाभर हललाच नाही तर वेग वाढवायच्या फंदात पडू नका. कुठलं बोट शेवटी पोचतं ते बघा आणि बदलताना तेच बोट आधी टेकवायचा सराव करा.

व्हिडिओ चालवायची पद्धतही शिकून घ्यावी. यूट्यूब संगणकावर बघत असाल तर 'जे' दाबल्यावर १० सेकंद मागे, 'के'ने थांबा, 'एल'ने १० सेकंद पुढे. थांबवलेल्या व्हिडिओत स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळांनी एकेक चित्र मागेपुढे सरकतं. बोटं कॉर्डवरून कशी उठतात ते असंच दिसतं. वेग ०.७५ वर ठेवला तरी सूर बदलत नाही, त्यामुळे सोबत वाजवता येतं. ०.५ वर मात्र आवाज फाटतो, तिथे फक्त बघावं.

---

लाकूड_आणि_तार

चांगला धागा. पण व्हिडिओ लावण्याआधी हातातली गिटार तपासा, कारण अर्धे लोक गिटारच्या दोषाला स्वतःच्या बोटांचा दोष समजून सोडून देतात. शिक्षकाच्या हातातली गिटार नीट लावून घेतलेली असते. तुमची दुकानातून तशीच घरी आलेली असते.

तारेची उंची बाराव्या फ्रेटवर मोजा: फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत. स्टीलच्या पट्टीने होतं, फक्त पट्टीचा शून्य अगदी टोकाला हवा. सहावी तार २.४ मिमीच्या आसपास आणि पहिली १.६ मिमीच्या आसपास असेल तर गिटार ठीक आहे. सहावी ३.५ मिमीवर असेल तर कुठलाही धडा मदतीला येणार नाही.

उंची कमी करायची तर सॅडल, म्हणजे ब्रिजवरची पांढरी पट्टी, बाहेर काढून खालून घासतात. वरून घासली तर तिची गोलाई जाते. सॅडल १ मिमी घासलं तर बाराव्या फ्रेटवर उंची अर्धा मिमीच उतरते, हे गणित धरून पेन्सिलने रेघ मारा. पॉलिश पेपर सपाट काचेवर ठेवा आणि सॅडल त्यावर काटकोनात धरा. तळ वाकडा झाला तर सॅडल ब्रिजमध्ये नीट टेकत नाही आणि आवाज पडतो.

त्याआधी नेकचा बाक बघायचा. पहिल्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा एकत्र दाबून धरणारा चिमटा), आणि नेक जिथे खोक्याला मिळते त्या फ्रेटवर सहावी तार दाबून धरा. आता सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत पाव मिमीची फट हवी. झेरॉक्सचा कागद साधारण ०.१ मिमी असतो, म्हणजे दोन कागद सहज जायला हवेत, चार अडायला हवेत. फट याहून जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक कमीजास्त करणारी सळई) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, कमी असेल तर उलट पाव फेरा. मग गिटार पुन्हा सुरात लावून काही तास थांबायचं. एका वेळी पाव फेऱ्याच्या वर कधीच नाही. पाना अडला तर तिथेच सोडा आणि कारागिराकडे जा. अगदी स्वस्त गिटारमध्ये ट्रस रॉड नसतोही, घेतानाच विचारा.

खरखर कुठे येते यावरून कारण कळतं. पहिल्या चार-पाच फ्रेटवरच येत असेल तर नेक फार सरळ झाली आहे. बाराव्याच्या पुढे येत असेल तर सॅडल खूप खाली आहे. फक्त मोकळ्या तारेवर येत असेल तर नटची, म्हणजे गिटारच्या डोक्याजवळ तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीची, खाच खोल गेली आहे.

आणि एक ठळक सूचना: नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारवर स्टीलच्या तारा चढवू नका. नायलॉनच्या सहा तारांचा एकूण ताण ४० किलोच्या आसपास, स्टीलच्या १२ गेजच्या (गेज म्हणजे तारेची जाडी) संचाचा ७० किलोच्या वर. ब्रिज उखडून हातात येतो.

---

सागरगोटा

कोकणात पावसाळ्यात गिटार 'जड' होते त्याचं काय करायचं? जूनपर्यंत ठीक, मग तारा वर जातात.

---

लाकूड_आणि_तार

@सागरगोटा, लाकूड ओल शोषून फुगतं, वरची फळी ब्रिजपाशी उचलली जाते आणि तिच्याबरोबर तारा वर येतात. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, तुमच्याकडे जुलैत ती त्याच्या कितीतरी वर असते. गिटार भिंतीला टांगू नका, जाड बॅगेत ठेवा. आत रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि रंग बदलला की त्या मंद आचेवर भाजून पुन्हा वापरा. खोक्यात एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. पावसाळ्यात उंच झालेल्या गिटारचं सॅडल लगेच घासू नका. ऑक्टोबरात लाकूड परत बसलं की तारा फ्रेटवर टेकतील आणि घासलेलं सॅडल परत वाढत नाही. वाटलंच तर स्वस्तातलं दुसरं, बुटकं सॅडल पावसाळ्यापुरतं ठेवा.

तारा वाजवून झाल्यावर सुती फडक्याने खालच्या बाजूनेही पुसा. गंज तिथून सुरू होतो.

---

बर्फातला_मराठी

याच्या उलट बाजू: अमेरिका-कॅनडात हिवाळ्यात हीटर सुरू झाला की घरातली हवा ३० टक्क्यांच्या खाली जाते. लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं नेकच्या कडेला बोचायला लागतात. ही पहिली खूण. नंतर वरची फळी चिरते. आवाजाच्या भोकात बसणारा ओला स्पंज मिळतो, तो पिळून, पाणी ठिबकत नाही ना हे बघून लावायचा आणि बॅग बंद ठेवायची. भारतातून गिटार नेणाऱ्यांनी पहिल्याच हिवाळ्यात हे करावं.

---

झंकार_अर्धा

एफ दाबल्यावर दुसरी आणि तिसरी तार मुकी राहते, बाकीच्या वाजतात. सगळे व्हिडिओ 'सराव करा' म्हणतात. नक्की काय तपासायचं?

---

खर्जातला

@झंकार_अर्धा, दोन्ही तारांची कारणं वेगळी आहेत, म्हणून एकेक तार वाजवून बघा.

पूर्ण एफमध्ये तर्जनी सहाही तारांवर आडवी असते, पण तिच्यामुळे वाजतात फक्त तीन: सहावी, दुसरी आणि पहिली. पाचवी आणि चौथी तिसऱ्या फ्रेटवर अनामिका आणि करंगळीने, तिसरी दुसऱ्या फ्रेटवर मधल्या बोटाने. तेव्हा तिसरी तार मुकी असेल तर तर्जनीवर जोर देऊन काहीच होणार नाही. मधलं बोट आडवं पडलंय किंवा फ्रेटपासून मागे राहिलंय. टोकावर उभं करा आणि फ्रेटच्या तारेला जवळजवळ चिकटवा.

दुसरी तार मुकी असण्याचं नेहमीचं कारण म्हणजे तर्जनीच्या पेराची घडी नेमकी त्या तारेवर येते. बोट लांबीच्या दिशेने २-३ मिमी वर किंवा खाली सरकवा. मग बोट थोडं कलतं करा, म्हणजे अंगठ्याकडची हाडाची कडा तारांवर येईल. पोटाकडचा मऊ भाग तारांना गिळतो.

जोर अंगठ्याने चिमटा काढून लावायचा नसतो. अंगठा नेकच्या मागे, साधारण मधल्या बोटाच्या समोर. कोपर बरगडीजवळ, आणि हाताचं वजन किंचित मागे ओढलेलं. अंगठा पूर्ण काढूनही कॉर्ड क्षणभर वाजायला हवी, ही चाचणी. बोटांची टोकं दुखणं चालतं. मनगट किंवा अंगठ्याचं मूळ दुखलं तर त्या दिवशी गिटार खाली ठेवा.

आणि हा आकार पहिल्या फ्रेटवर शिकूच नका. ६४८ मिमी लांबीच्या गिटारवर पहिला फ्रेट ३६ मिमी रुंद असतो, पाचवा २९ मिमी. पाचव्यावर हाच आकार ए होतो. बोटं कमी ताणावी लागतात आणि नटही लांब असतो. तिथे सहाही तारा सुटसुटीत वाजल्या की एकेक फ्रेट खाली या. गाण्यात एफ आली तर तोपर्यंत चारच तारा वाजवा: चौथी तिसऱ्या फ्रेटवर, तिसरी दुसऱ्या, दुसरी पहिल्या, पहिली मोकळी. ही एफ मेजर सेव्हन. बऱ्याच गाण्यांत खपून जाते.

---

लाकूड_आणि_तार

वरच्याला जोडून, @झंकार_अर्धा, नट मोजा. सहावी तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट राहते बघा. कागद जेमतेम जाईल इतकीच हवी. व्हिजिटिंग कार्ड जात असेल तर एफ न वाजण्यात तुमच्या बोटांचा वाटा थोडाच. पाचव्या फ्रेटवर आकार स्वच्छ वाजतो आणि पहिल्यावर अजिबात नाही, तरी नटचाच संशय घ्या.

---

काळी_चार

मराठी घरांत गिटारचं काम बहुतेक वेळा गाणाऱ्याची साथ करण्याचं असतं आणि तिथे परदेशी धडे उपयोगी पडत नाहीत. गायिका म्हणते 'माझी काळी चार' (म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी हा तिचा षड्ज), आणि व्हिडिओत शिकलेलं सगळं जी आणि सी मध्ये. म्हणून ही मोजणी पाठ करा.

पांढरी एक म्हणजे सी, दोन डी, तीन ई, चार एफ, पाच जी, सहा ए, सात बी. काळी एक म्हणजे सी शार्प, दोन डी शार्प, तीन एफ शार्प, चार जी शार्प, पाच ए शार्प. कॅपोचा एक फ्रेट म्हणजे अर्धा सूर वर. काळी एकला सी चे आकार आणि कॅपो पहिल्यावर. काळी चारला जी चे आकार आणि कॅपो पहिल्यावर, किंवा ई चे आकार आणि चौथ्यावर. काळी पाचला जी चे आकार तिसऱ्यावर किंवा ए चे आकार पहिल्यावर.

गाण्यात गंधार कोमल असेल तर षड्जावरची कॉर्ड बहुधा मायनर लागते: काळी एकला ए मायनरचा आकार, कॅपो चौथ्यावर, काळी चारला ई मायनरचा आकार, कॅपो चौथ्यावर.

व्हिडिओखाली 'जी की ए शार्प' असे वाद होतात त्याचं मूळ इथेच आहे. शिक्षक आकाराचं नाव घेतो, कानाला सूर कॅपोसकटचा ऐकू येतो. दोघंही बरोबर असतात. कॅपो फ्रेटच्या तारेला लागून, सरळ बसवा आणि लावल्यावर पुन्हा ट्यून करा, कारण तारा चिमटल्या जाऊन सूर थोडा चढतो. जुन्या ध्वनिमुद्रणासोबत वाजवताना ४४०ला (ए = ४४० हर्ट्झ या प्रमाण सुराला) लावलेली गिटार बरेचदा पाव सुराने खटकते. तेव्हा ट्यूनर बंद करा, गाण्यातला षड्ज कानाने पकडून एक तार त्याला मिळवा आणि बाकीच्या तिच्यावरून लावा. तानपुऱ्याच्या ॲपवर रोज थोडा वेळ तारा मिळवल्या तर हे लवकर जमतं.

---

उठान

तालाबद्दल लिहितो. धाग्यात कॉर्डच कॉर्ड आहेत, आणि खरं सांगायचं तर कॉर्ड चुकली तरी श्रोता माफ करतो, लय चुकली तर नाही.

व्हिडिओंतले स्ट्रमिंगचे बाण पाठ करू नका. उजव्या हाताचा नियम एकच: आकड्यावर हात खाली, 'आणि'वर वर. तार लागो न लागो, हात थांबायचा नाही. 'खाली, खाली-वर, वर-खाली-वर' या प्रसिद्ध ठेक्यात तिसऱ्या मात्रेला हात खाली जातोच, फक्त तारांना शिवत नाही. शिकणारे तिथे हात थांबवतात, मग पुढचा 'वर' उशिरा येतो आणि गाणं लंगडतं. डाव्या हाताने सगळ्या तारा हलक्या झाकून नुसता हा ठेका मेट्रोनोमवर ६० लयीत पाच मिनिटं करा, मग कॉर्ड धरा.

केरव्याच्या आठ मात्रा या चौकटीत बरोबर बसतात: 'एक-आणि-दोन-आणि' असं चारपर्यंत मोजलं की आठच. दादऱ्याला लोक अडखळतात. संथ दादऱ्यात पहिल्या मात्रेला कॉर्डचा खर्ज, दुसरी-तिसरी हलके खाली, चौथीला दुसरा खर्ज (सी कॉर्ड असेल तर आधी पाचवी तार, मग सहावी तिसऱ्या फ्रेटवर), पुन्हा दोन हलके. जलद झाला की खाली-वर-खाली-वर-खाली-वर असं सरळ चालवा. चौथी मात्रा तेव्हा वरच्या झटक्यावर येते, जो मुळातच हलका असतो. पाश्चात्य पद्धतीत ही अडचण वाटू शकते. आपल्याकडे दादऱ्यात चौथीला कालच, म्हणजे तबल्यातली 'खाली' ही हलकी मात्रा, असते, त्यामुळे हलकेपणा शोभून दिसतो.

मेट्रोनोम ब्लूटूथ इअरफोनवर ऐकू नका, विशेषतः रेकॉर्डिंग करताना. आवाज शेकडो मिलिसेकंदांच्या घरात उशिरा पोचू शकतो आणि रेकॉर्डिंगमध्ये तुम्हीच बेताल दिसता. तारेचा साधा इअरफोन लावा.

---

सागरगोटा

मोबाइलच्या माइकने ऐकून 'बरोबर' म्हणणारी ॲप कितपत भरवशाची?

---

खर्जातला

सुरुवातीला हुरूप येण्यापुरती. ॲप कॉर्डमधले मुख्य सूर ओळखतं. डी मध्ये पहिली तार मुकी असली, किंवा नको असलेली सहावी तार मागे घुमत असली, तरी ते बरेचदा हिरवी खूण देतं. त्यापेक्षा फोनचा कॅमेरा वापरा. फोन समोर न ठेवता गिटारच्या डोक्याच्या बाजूला, नेकच्या रेषेत, छातीच्या उंचीवर ठेवा. तिथून अंगठा, बोटांची टोकं आणि फ्रेटपासूनचं अंतर तिन्ही दिसतात. पुढचा कॅमेरा काही फोनमध्ये चित्र उलटं करतो, म्हणून मागचा वापरा. एक मिनिटाचं रेकॉर्डिंग पुरे. आधी चित्र न बघता नुसतं ऐका, मुक्या तारा लगेच कळतात.

ट्यूनर ॲपबद्दल: काही फक्त अक्षर दाखवतात, सप्तक नाही. तिसरी तार जी ला नेताना चुकून वरच्या जी कडे ताणत नेली की ती तुटते. सुरांची कंपनसंख्या लिहून ठेवा: सहावी ८२.४, पाचवी ११०, चौथी १४६.८, तिसरी १९६, दुसरी २४६.९, पहिली ३२९.६ हर्ट्झ. आणि सूर नेहमी खालून वर आणून लावा. वर गेलात तर आधी खाली उतरवा, मग चढवा, नाहीतर तार खुंटीवर सैल राहून पाचच मिनिटांत उतरते.

नवशिक्यांनी १० किंवा ११ गेजच्या तारा घ्याव्यात. १२ चा आवाज भरदार असतो, पण सुरुवातीच्या बोटांना तो ताण उगाच जास्त.

---

झंकार_अर्धा

दोघांचेही आभार. पाचव्या फ्रेटवर आकार स्वच्छ वाजतोय. नटजवळ व्हिजिटिंग कार्ड सहज जातंय, दोन एकत्र ठेवली तरी जातात. खाच कानसने घासू का?

---

लाकूड_आणि_तार

नको. दर तारेच्या जाडीची वेगळी कानस लागते आणि खाच गिटारच्या डोक्याकडे उतरती ठेवावी लागते. सपाट झाली तर तार सतारीसारखी झणझणते. जास्त खोल गेली तर नट नवाच बसवावा लागतो. वाद्यदुरुस्तीच्या कारागिराला 'नटच्या खाचा उतरवा' एवढं सांगा. थोड्या वेळाचं काम आहे.

तोपर्यंत धडे थांबवायची गरज नाही. सगळ्या तारा अर्धा सूर उतरवून लावा (सहावी ७७.८ हर्ट्झ, पाचवी १०३.८, चौथी १३८.६, तिसरी १८५, दुसरी २३३.१, पहिली ३११.१) आणि कॅपो पहिल्या फ्रेटला लावा. आता नटचं काम कॅपो करतो, तारांचा ताणही थोडा उतरतो आणि सूर व्हिडिओतल्याशी तंतोतंत जुळतात. फक्त शिक्षक 'पहिला फ्रेट' म्हणेल तेव्हा तो कॅपोच्या पुढचा पहिला धरायचा. एफही तिथेच करून बघा.